धावणे आणि मागणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील तिसरे भाषण. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी दोन अधिकारी वक्ते बोलून गेले. एकांनी ज्ञानेश्वरी उलगडली, दुसऱ्यांनी महादजी शिंद्यांची दिल्ली डोळ्यांसमोर उभी केली. तिसरे पुष्प गुंफण्यासाठी चिटणीसांनी मला का बोलावले, याचा मी बराच विचार केला. मजजवळ ना विद्वत्तेचा अधिकार, ना वक्तृत्वाचा. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी एकवीस किलोमीटर धावलो, आणि त्या निमित्ताने आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी पैसे मागत आलो, एवढाच काय तो माझा अधिकार. तेव्हा आज आपण ज्यांनी ज्यांनी दिले, त्यांना हिशेब ऐकण्याचा हक्क आहे. आणि ज्यांनी दिले नाही, त्यांना दार तेव्हा न उघडल्याचे समाधान.

प्रथम या शर्यतीची तोंडओळख. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकची देणगी आहे. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघावी आणि क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनांसमोर संपावी, अशी योजना झाली. ते अंतर भरले २६ मैल ३८५ यार्ड, आणि पुढे तेच प्रमाण ठरले. त्याचे अर्धे म्हणजे २१ किलोमीटर साडेसत्याण्णव मीटर. राजाच्या खुर्चीची जागा थोडी अलीकडे असती, तर माझ्या गुडघ्यांवर उपकार झाले असते. दिल्लीत ही अर्धमॅरेथॉन २००५ पासून होते. शर्यतीत नाव नोंदवणारा धावक, इच्छा असल्यास, यादीतील एखादी सेवाभावी संस्था निवडतो आणि तिच्यासाठी आपल्या परिचितांकडून निधी गोळा करतो. पैसा धावकाच्या हाती येत नाही, थेट संस्थेकडे जातो; पावती संस्था देते.

आता मी या भानगडीत कसा पडलो ते सांगतो.

२०१९ च्या हिवाळ्यात माझी पत्नी दक्षिण दिल्लीतील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात उपचार घेत होती. ती बरी झाली; आज इथे बसली आहे, म्हणून फार वर्णन करत नाही. रात्री अकराच्या सुमारास मी तिच्याजवळून निघे. बाहेर पदपथावर माणसे ओळीने झोपलेली असत. दरभंग्याची, छतरपूरची, गोंड्याची. रुग्ण आत, नाहीतर आत जाण्याची तारीख महिनाभराने आलेली, आणि सारे कुटुंब प्लास्टिकच्या कागदाखाली. दिल्लीची जानेवारीतली रात्र आपल्याला ठाऊक आहे. आपण रजई अंगावर घेऊनही तिला नावे ठेवतो. पहिले काही दिवस त्या माणसांना ओलांडून जाताना मला संकोच वाटे. नंतर वाटेनासा झाला. ही दुसरी गोष्ट अधिक वाईट होती, असे आज म्हणतो. त्या वेळी तिकडे माझे लक्षही नव्हते.

एका रात्री मी फोनवर धाकट्या बहिणीशी मराठीत बोलत चाललो होतो. खालून आवाज आला, "भाऊ, तुमी आमच्याकडलेच दिसता जी." पांढुर्ण्याकडची बाई. मध्य प्रदेशातील, पण बोली अस्सल वऱ्हाडी. मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा, त्याच्या हृदयाचा काही विकार. तिने माझ्याकडे पैसे मागितले नाहीत. तिने विचारले, "इथं गरम पाणी कुठं भेटन जी? पोराचं अंग पुसाचं हाय." त्या शहरात मी तेहेतीस वर्षे राहत होतो आणि मला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मी खिशातून पाचशेची नोट काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती घेतली. पण तिच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट कळले की तिने एक विचारले होते आणि मी भलतेच दिले होते. दुसऱ्या दिवशी मी घरून थर्मास भरून नेला, तेव्हा ती जागा दुसऱ्या कुटुंबाने घेतली होती. ती मायलेकरे मला पुन्हा दिसली नाहीत.

पुढे चौकशी करता कळले, की रुग्णालयापासून चालत दहा मिनिटांवर एका भाड्याच्या घरात काही मंडळी अशा नातेवाइकांसाठी निवारा चालवतात. चाळीस खाटा, खाली स्वयंपाकघर, दोन वेळचे जेवण. जात, धर्म, प्रांत विचारला जात नाही. फक्त रुग्णालयाचे कार्ड पाहिले जाते. एका खाटेचा एका रात्रीचा खर्च जेवणासह तेव्हा सुमारे दोनशेवीस रुपये येई. मी अधूनमधून तिथे जाऊ लागलो. भाजी निवडणे, हिंदीतले अर्ज भरून देणे, रक्तपेढीचा रस्ता दाखवणे, असली बिनभांडवली कामे करू लागलो. पुढे टाळेबंदी आली, ते घर काही काळ बंद राहिले, आणि पुन्हा उघडले तेव्हा देणगीदार पांगले होते. भाडे थकू लागले. २०२२ साली मी सेवानिवृत्त झालो. त्याच सुमारास व्यवस्थापक म्हणाले, "या शर्यतीच्या यादीत आमचे नाव घातले आहे. पण आमच्यासाठी धावणारे कोणी नाही."

मी उगाच "मी धावतो" म्हणून गेलो. शाळेत असताना धावलो होतो, त्यानंतर फक्त बसमागे.

डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करवून घेतली, आणि पाच महिने पुरेसे आहेत, पण घाई केलीत तर एक आठवडाही पुरेल, असे बजावले. मे महिन्यात मी चाणक्यपुरीच्या नेहरू पार्कात सुरुवात केली. एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे. उन्हाळ्यात पहाटे साडेचारलाच बाहेर पडावे लागे, कारण सहा वाजता हवा भट्टीसारखी होते. त्या वेळी रस्त्यावर मी, दूधवाले आणि कुत्री. कुत्र्यांना धावणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाचे फार वावडे असते. जूनअखेर मी पाच किलोमीटर न थांबता धावू लागलो. जुलैत पोटरी दुखावली आणि बारा दिवस घरी बसलो. ऑगस्टच्या दमट हवेत दहा, सप्टेंबरात एकदाच सतरा. धावण्याचे जे शास्त्र आहे ते इतकेच, की अंतर हळूहळू वाढवावे, आठवड्यातून एकदाच लांब धावावे आणि विश्रांतीच्या दिवशी खरोखर विश्रांती घ्यावी. यातले तिसरे सेवानिवृत्त माणसाला सर्वांत कठीण, कारण घरी बसलेला दिसला की त्याला बाजारात पाठवतात.

पण धावणे हा या कथेचा सोपा भाग. अवघड भाग मागणे.

आपल्या मंडळाचे एक संस्थापक-सदस्य, ज्यांना मी काका म्हणतो, ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि त्यांनी श्रवणयंत्र बंद ठेवले आहे असा मला दाट संशय आहे. त्यांच्याकडे मी सर्वप्रथम गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तू धावलास म्हणून त्या पदपथावरच्या बाईला अंथरूण कसे मिळते, ते मला समजावून सांग. त्यांना पैसे हवेत. माझ्याकडे आहेत. मी त्यांना देतो. मध्ये तू घाम कशाला गाळतोस? पन्नास वर्षे मी या मंडळासाठी वर्गणी मागतो आहे. मला कोणी धावायला लावले नाही." मी म्हटले, "काका, यामुळे जागृती होते." ते म्हणाले, "जागृती म्हणजे काय?" मला सांगता येईना. मी रिकाम्या हाताने परत आलो.

त्यांचा प्रश्न मला महिनाभर छळत राहिला, कारण तो बरोबर होता. शंभर मीटर धावल्याने शंभर रुपये कुठेही उत्पन्न होत नाहीत. तेव्हा ज्यांनी हा प्रघात पाडला, त्यांनी काय विचार केला होता, हे मी वाचू लागलो.

कॅनडात टेरी फॉक्स नावाचा तरुण होता. १९७७ साली, अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवायचा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी तो न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथून कृत्रिम पायावर पश्चिमेकडे धावू लागला. रोज जवळजवळ एक पूर्ण मॅरेथॉन. आरंभी त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. क्वेबेक प्रांतात त्याला फ्रेंच येईना, लोकांना तो कोण ते कळेना, आणि मोटारवाले त्याला रस्त्याच्या कडेला रेटत. पण वाटेत पोर्ट ओ बास्क नावाचे गाव लागले होते. वस्ती दहा हजार. गावाने दिले दहा हजार डॉलर. माणशी एक. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख होती, आणि प्रत्येकाकडून एक डॉलर मिळावा, एवढेच त्याचे मागणे होते. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर, १ सप्टेंबर रोजी थंडर बे गावाजवळ त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसांत पोचला होता. १९८१ च्या फेब्रुवारीत निधीने २ कोटी ४० लाख डॉलरांचा आकडा ओलांडला. २८ जून १९८१ रोजी तो वारला. तेविसावा वाढदिवस एका महिन्यावर होता.

योगायोग असा, की नेमक्या त्याच दिवशी, २८ जून १९८१ ला, इंग्लंडात न्यूकॅसल येथे 'ग्रेट नॉर्थ रन' ही अर्धमॅरेथॉन पहिल्यांदा झाली. ब्रेंडन फॉस्टर या धावपटूची ती कल्पना, आणि पहिल्याच वर्षी बारा हजारांच्या आसपास माणसे धावली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लंडन मॅरेथॉन सुरू झाली होती. सामान्य माणसाने परिचितांकडून पैसे मागत सत्कार्यासाठी धावण्याचा प्रघात या दोन शर्यतींनी इंग्लंडात घरोघरी नेला. लंडनच्या शर्यतीतून आजवर जमलेला निधी १ अब्ज पौंडांहून अधिक आहे.

माणशी एक डॉलर हे वाचताना मात्र मला कॅनडा आठवला नाही, तळेगाव आठवले. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिले आणि त्या पैशापैशांतून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था मुष्टिफंडावर वाढली; घराघरातून मूठभर धान्य, तेही ज्या घरात मुठीचीच चणचण. आणि महर्षी कर्वे? हिंगण्याच्या आश्रमासाठी ते फर्ग्युसनमधील शिकवणे आटोपून रोज पायी चिखल तुडवीत जात. महिला विद्यापीठाच्या कार्यासाठी १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते जगप्रवासाला निघाले. त्यांना कोणी मॅरेथॉन धावक म्हटले नाही. पण ती चाल काय कमी लांब पल्ल्याची होती? आपल्याकडे मागणारा माणूस आधी स्वतःला झिजवीत असे आणि मग झोळी पुढे करीत असे.

याची एक उलटी बाजूही आपल्याच इतिहासात आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षी शर्यतीचे अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे नेहमीपेक्षाही जास्त होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांच्या मनाने घेतले, की ही माणसे ऑलिंपिकला गेली पाहिजेत. आणि त्यांनी पदरमोड करून, इतरांकडून मदत मिळवून, ते घडवून आणले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसाला धावता यावे म्हणून वर्गणी जमवावी लागली, आणि आज वर्गणी जमावी म्हणून आमच्यासारखे लोक धावतात.

आता काकांच्या प्रश्नाकडे. मला सुचलेले उत्तर असे, की धावण्याचा परिणाम देणाऱ्यावर फारसा होत नाही. तो मागणाऱ्यावर होतो. मी चौतीस वर्षे सरकारी नोकरी केली. सही करण्याची सवय झाली, हात पसरण्याची मोडली. स्वतःसाठी मागायचे नसले तरी जीभ उचलत नाही. पण रोज पहाटे साडेचारला उठून, पोटरीला तेल लावून, दोन महिने कुत्र्यांशी झुंजल्यावर माझी भीड चेपली. मी काहीतरी तारण ठेवले आहे, असे मला वाटू लागले. ते तारण समोरच्याला दिसो न दिसो, मला दार वाजवता येऊ लागले.

दार वाजवण्याची वेळ आली तीही आधीचा उपाय फसला म्हणून. सप्टेंबरच्या आरंभी मी आधुनिक पद्धतीने भ्रमणध्वनीवरून दोनशे चाळीस जणांना एक निवेदन पाठवले. सुंदर मजकूर, पदपथाचे छायाचित्र, पैसे भरण्याची खूण. आठवड्याभरात एकसष्ट जणांनी अंगठा उंचावलेले चित्र पाठवले. बावीस जणांनी जोडलेले हात. एका मित्राने धावणाऱ्या चित्त्याचे चित्र पाठवले, तो उपहास होता की शुभेच्छा हे अजून कळलेले नाही. पैसे दिले अकरा जणांनी.

म्हणून मी पायी निघालो. आपल्या मंडळाच्या पहिल्या वर्षी, १९७५ साली, गणेशोत्सवाची पाच-पाच रुपयांची वर्गणी सरोजिनीनगर, नेताजीनगर, लक्ष्मीबाईनगरच्या सरकारी घरांतून सायकलवर फिरून गोळा केली होती, हे आपण स्मरणिकेच्या पहिल्या लेखात वाचालच. त्यातली कितीतरी घरे आता पाडून झाली. माणसे रोहिणीपासून द्वारकेपर्यंत विखुरली. चार आठवड्यांत मी चौऱ्याहत्तर घरी गेलो. तेव्हा मला उमगले, की चिठ्ठीला अंगठा दाखवणारा माणूस दारात उभ्या असलेल्या माणसाला पाणी विचारतो, आणि पाणी दिल्यावर ऐकावेच लागते. द्वारकेत एका तरुण जोडप्याने "काका, आधी पोहे खा" म्हणून बसवले. दोघे संगणकाच्या क्षेत्रात. त्यांनी निवाऱ्याची पाच वर्षांची लेखापरीक्षित पत्रके मागितली. मला आधी राग आला. नंतर वाटले, पैसा फंड काढणाऱ्यांना असे वर्गणीदार मिळाले असते तर ते आनंदले असते. मी पत्रके पाठवली, त्यांनी दहा हजार दिले. एका घरी सुखवस्तू गृहस्थाने तासभर दानाच्या निरर्थकतेवर प्रवचन दिले, उत्तम चहा पाजला आणि निरोप दिला. एका भगिनीने, त्यांचे यजमान त्याच रुग्णालयात गेले होते हे मला ठाऊक नव्हते, काहीएक न बोलता आतून पाकीट आणून दिले आणि दार लावून घेतले. त्या घरी जाण्याआधी मी चौकशी करायला हवी होती. ती चूक माझ्या मनात अजून आहे.

शेवटी पुन्हा काकांकडे गेलो. तिसरा मजला, उद्वाहन नाही, आणि सकाळीच मी चौदा किलोमीटर धावलेलो. धापा टाकत दारात उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. म्हणाले, "जिना चढून आलास ना? आम्हीही असेच चढत होतो." आणि पाचशे एक रुपये दिले. "हे तुझ्या धावण्याचे नव्हेत. जिन्याचे आहेत."

दात्यांची नावे मी वहीत एकवीस भागांत विभागली. प्रत्येक किलोमीटर काही जणांच्या नावे. शर्यत १५ ऑक्टोबर २०२३ ला, रविवारी. त्याच दिवशी घटस्थापना. गृहिणीने स्पष्ट सांगितले, की घट मुहूर्तावर बसतील, धावक असो नसो. आणि नवरात्रात जोगवा मागायला निघालाच आहात, तर परंपरेप्रमाणे अनवाणी जा. मी बूट घालून गेलो. अंधारातच जवाहरलाल नेहरू क्रीडांगणापाशी हजारो माणसे जमली होती. छातीवर चार टाचण्यांनी लावलेला क्रमांक, त्यातच वेळ मोजणारी चकती. शेजारी एक बँकेतील मुलगी होती, मागे एका कंपनीची चाळीस माणसे एकाच रंगाच्या सदऱ्यात.

लोधी मार्गापर्यंत पाय हलके होते. इंडिया गेटपाशी उजाडले, आणि कर्तव्यपथावर मला क्षणभर वाटले की मी बरा धावतो. हा भ्रम धावकाला एकदा होतोच. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे याने २०२० साली याच दिल्लीच्या शर्यतीत हे अंतर १ तास ३० सेकंदांत कापून राष्ट्रीय विक्रम केला होता. तेवढ्या वेळात मी आठवा किलोमीटरही पुरा केलेला नव्हता. चौदाव्यानंतर डाव्या टाचेला फोड आला. सोळाव्याला पोटरीत पेटका. सतराव्याला मी थांबलो आणि पदपथाच्या कडेवर बसलो. तो काकांचा किलोमीटर होता. एक स्वयंसेवक मुलगा मीठ-लिंबाचे पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "अंकल, गाडी बुलाऊँ?" मी पदपथावर बसून त्या मुलाकडे वर पाहत होतो. खालून वर पाहताना माणसे फार उंच दिसतात, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले. मी नको म्हटले आणि उठून चालू लागलो. सतरावा आणि अठरावा मी चाललो. काकांनी जिन्याचेच पैसे दिलेले होते, तेव्हा त्यात वचनभंग नव्हता. उरलेले तीन कसेबसे धावत पुरे केले. वेळ २ तास ५१ मिनिटे. घरी आलो तेव्हा घट बसले होते. त्या दुपारी चारच्या सुमारास दिल्लीला भूकंपाचा हलका धक्का बसला, अशी बातमी आपण वाचली असेल. मी पलंगावर होतो. पाय सकाळपासूनच थरथरत होते, मला वेगळे काही जाणवले नाही.

या प्रकाराचे नुसते गोडवे गाऊ नयेत. बूट, प्रवेशशुल्क, वैद्यकीय तपासणी आणि पोटरीचे उपचार धरून माझा स्वतःचा खर्च १३,९०० रुपये झाला. तेवढ्यात निवाऱ्याच्या त्रेसष्ट रात्री निघाल्या असत्या. मी तेवढीच रक्कम स्वतः निधीत घातली, पण म्हणून हिशेब फिटला असे मला वाटत नाही. एका रंगाच्या सदऱ्यातील त्या मंडळींपैकी एकाला मी विचारले, आपण कोणासाठी धावता? त्याला संस्थेचे नाव आठवेना. कंपनीने एकरकमी धनादेश दिला होता, कोणीच कोणाकडे मागितले नव्हते. संस्थेला पैसे पोचले, तक्रार कसली करायची? तरी मला वाईट वाटले. आणि दिल्लीची हवा. २०१७ साली ही शर्यत नोव्हेंबरात होती आणि हवा इतकी बिघडली, की ती पुढे ढकलावी म्हणून इंडियन मेडिकल असोसिएशनने उच्च न्यायालयात धाव घेतली होती. शर्यत १९ नोव्हेंबरला झालीच. अलीकडे ती ऑक्टोबरात होते, तेव्हा हवा त्या मानाने बरी असते. पण आमच्या वयाच्या माणसाने केवळ ईर्ष्येने असे काही करू नये, हे मी या व्यासपीठावरून मुद्दाम सांगतो. डॉक्टर नको म्हणाले तर चालावे. चालूनही मागता येते.

आता हिशेब. मी प्रत्येक किलोमीटरला पाच हजार, म्हणजे १,०५,००० रुपयांचा संकल्प केला होता. सुमारे पावणेपाचशे रात्री. जमले १,३८,६५१. देणारे १६३, त्यांतले १२१ जण आपल्या मंडळाच्या परिवारातले. सर्वांत लहान रक्कम ११ रुपये, आपल्या बालवर्गातील एका मुलीने खाऊच्या डब्यातून दिलेली. तिचीही पावती फाडली.

मला मनातून वाटत होते, की या पैशातून त्या घराच्या गच्चीवर पाणी तापवण्याचे मोठे यंत्र बसावे. पांढुर्ण्याच्या बाईचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नव्हता. दिवाळीनंतर मी तिथे गेलो, तेव्हा व्यवस्थापकांनी संकोचाने सांगितले, की घरमालकाची नोटीस आली होती, म्हणून सगळी रक्कम थकलेल्या भाड्यात भरली. मी काही बोललो नाही. घर राहिले, म्हणून खाटा राहिल्या. त्यांचा निर्णय योग्यच होता. पण हिवाळ्यात तिथे अजूनही पातेल्यात पाणी तापवून मगाने वाटतात, माणशी दोन मग.

यंत्राची किंमत मी काढून आणली आहे, साठ हजारांच्या घरात जाते. यंदाच्या शर्यतीत आपल्या मंडळातून तिघे धावणार आहेत: द्वारकेचे ते पोहेवाले जोडपे आणि मी. मी या खेपेस बहुतांशी चालणार आहे. पावतीपुस्तक सभागृहाच्या दाराशी, चहाच्या टेबलाजवळ, कोषाध्यक्षांकडे ठेवले आहे. प्राप्तिकरातील सवलतीसाठी पावती मिळेल. मात्र दोन हजारांवरील रक्कम कृपया रोख देऊ नये, तिला सवलत मिळत नाही. आणि काकांना विनंती, की त्यांनी आता श्रवणयंत्र सुरू करावे. या वेळी मी जिना चढून येणार नाही. ते आज स्वतःच खाली आलेले आहेत.